पुनर्विकासात सायकलची जागा : वाचकांचे प्रश्न आणि एका रहिवाशाची उत्तरे

वस्त्यांचा पुनर्विकास आणि सायकल मार्ग या विषयावर वाचकांकडून आलेल्या पत्रांतील काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. मी नगररचनाकार नाही; पुनर्विकास होऊन गेलेल्या वस्तीत राहणारा आणि नित्याच्या कामांसाठी सायकल वापरणारा रहिवासी आहे. त्यामुळे पुढील उत्तरांत जेथे माझे मत आहे, तेथे ते मत म्हणूनच वाचावे.

प्रश्न : आमच्या वस्तीच्या पुनर्विकासाचा आराखडा रहिवाशांच्या सभेत मांडण्यात आला. त्यात रस्त्याच्या कडेने एक हिरवी रेषा काढून तिला ‘सायकल मार्ग’ असे म्हटले आहे. एवढ्यावर समाधान मानावे का? पुढच्या सभेत आम्ही नेमके काय विचारावे?

उत्तर : हिरव्या रेषेवर समाधान मानू नये. संपूर्ण वस्ती एका कागदावर दाखवणाऱ्या नकाशात कोणतीही रेषा अखंडच दिसते. ती कोठे तुटते हे कळायचे असेल, तर रस्त्याचे छेदचित्र (रस्ता आडवा कापल्यास त्याचा कोणता भाग किती रुंद आहे हे दाखवणारे चित्र) आणि प्रत्येक चौकाचे व प्रत्येक प्रवेशद्वाराचे मोठ्या आकारात, बारकाव्यांसह काढलेले रेखाचित्र मागावे लागते. ते अद्याप तयार नाही असे उत्तर मिळाले, तर सायकल मार्गाचा विचार अजून झालेलाच नाही असे समजावे.

पहिली बाब रुंदीची. एकाच दिशेच्या मार्गाला दोन मीटरच्या आसपास मोकळी रुंदी मिळाली, तर मागून वेगाने येणारा पुढच्याला सुरक्षितपणे ओलांडू शकतो, पालकाला मुलाच्या शेजारून सायकल चालवता येते आणि सामान वाहणारी तीनचाकीही अडत नाही. ही रुंदी मोजताना दिव्यांचे खांब, गटाराच्या जाळ्या आणि शेजारी उभ्या असलेल्या गाड्यांची दारे उघडण्यासाठी लागणारे सुमारे मीटरभर अंतर तिच्यात धरू नये. आराखड्यात मात्र हे सारे धरूनच दोन मीटर दाखवण्याची पद्धत आहे. जाळ्यांबद्दल आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. त्यांच्या पट्ट्या प्रवासाच्या दिशेला समांतर असतील, तर सायकलचे पुढचे चाक त्यांत अडकते आणि चालक हँडलवरून पुढे फेकला जातो. पट्ट्या आडव्या बसवायला वेगळा खर्च येत नाही, परंतु जाळ्यांची मागणी नोंदवण्यापूर्वी कोणीतरी ते सांगावे लागते.

दुसरी बाब प्रवेशद्वारांची, आणि माझ्या मते पुनर्विकासात सर्वाधिक दुर्लक्षित राहते ती हीच. जुन्या वस्तीत गाड्या कमी असतात आणि त्या रस्त्यावरच उभ्या राहतात. नव्या इमारतींच्या तळघरांत त्या शेकड्यांनी मावतात आणि उताराच्या एकाच तोंडातून बाहेर पडतात. आमच्याकडे एका इमारतीचा असा उतार थेट सायकल मार्गावर उघडतो. गाडी वर येत असताना तिचे नाक आकाशाकडे असते, त्यामुळे चालकाला समोरच्या काचेतून रस्ता दिसत नाही. दोन्ही बाजूंना छातीइतक्या उंचीच्या भिंती आहेत, त्यामुळे बाजूचेही काही दिसत नाही. सायकलस्वार त्याला दिसतो तो एकदम बॉनेटसमोर. उपाय म्हणून तेथे एक बहिर्गोल आरसा लावला आहे. पाऊस पडला की त्यावर थेंब साचतात, एरवी धूळ. खरा उपाय आराखड्यातच करायचा असतो : उताराच्या माथ्यावर, सायकल मार्गाच्या अलीकडे, एक गाडी सपाट उभी राहील एवढी जागा ठेवायची, भिंतींची शेवटची दोन-तीन मीटर लांबी गुडघ्याइतकी खाली आणायची, आणि सायकल मार्ग व पदपथ प्रवेशद्वारासमोरही आपल्याच उंचीवर, आपल्याच फरसबंदीत पुढे न्यायचे, म्हणजे चढून उतरण्याचे काम गाडीला करावे लागेल आणि तिचा वेग आपोआप कमी होईल. इमारत उभी राहिल्यावर या गोष्टी करून घेणे फार अवघड होते.

तिसरी बाब वहिवाटीची. लहान लहान भूखंड एकत्र करून मोठे संकुल उभारले जाते, तेव्हा त्यांच्यामधील बोळ, मागच्या वाटा आणि दोन इमारतींमधील फटी नाहीशा होतात. या वाटा नकाशावर बहुधा नसतातच, त्यामुळे त्या गेल्याचीही कोठे नोंद राहत नाही. परंतु शाळेत जाणारी मुले, भाजी आणायला निघालेली माणसे आणि सायकलस्वार यांची खरी रहदारी त्यांतूनच चाललेली असते. संकुलाला कुंपण पडले की ती सर्व मोठ्या रस्त्यावर ढकलली जाते आणि मग त्या रस्त्यावर सायकल मार्ग हवा, अशी मागणी आपण करत बसतो. म्हणून संकुलाच्या मधून पादचारी व सायकली यांच्यासाठी एक तरी आरपार वाट मागावी आणि ती रहिवाशांच्या सद्भावनेवर न सोडता कायमस्वरूपी सार्वजनिक वहिवाट म्हणून मंजुरीच्या अटींत नोंदवून घ्यावी. अशी नोंद नसेल, तर नवी समिती येते, सुरक्षेचे कारण पुढे करते आणि फाटकाला कुलूप पडते.

चौकांबद्दल पुढील उत्तरात सविस्तर लिहिले आहे. येथे एवढेच जोडतो की बांधकाम चालू असतानाच्या काळाबद्दलही विचारावे. पत्र्याचे कुंपण पदपथ आणि सायकल मार्ग गिळून वर्षानुवर्षे उभे राहते. त्या काळात सायकलींनी कोठून जायचे, हे अटींमध्ये लिहिलेले असले पाहिजे.

प्रश्न : आमच्याकडे रस्त्याचे नूतनीकरण करून सायकलींसाठी रंगीत पट्टा आखला आहे, परंतु तो बहुतेक वेळ रिकामा असतो. लोकांना सायकल नकोच असेल, तर हा खर्च कशासाठी?

उत्तर : रिकाम्या पट्ट्यावरून लोकांच्या इच्छेचा निष्कर्ष काढण्यापूर्वी तो पट्टा कोठून सुरू होतो आणि कोठे संपतो हे चालत जाऊन पाहावे. बऱ्याच ठिकाणी तो रस्ता रुंद आहे तेथे असतो आणि अरुंद होतो तेथे, म्हणजे नेमकी त्याची गरज निर्माण होते तेथे, संपतो. चौकाच्या अलीकडे पंचवीस-तीस मीटरवर रंग थांबतो आणि सायकलस्वार वळणाऱ्या गाड्यांच्या मध्ये सोडला जातो. दोन सुरक्षित तुकड्यांमध्ये एक भीतिदायक चौक असेल, तर आई-वडील मुलाला त्या वाटेने पाठवणार नाहीत. सायकलने जायचे की नाही, हे वाटेतील सर्वांत वाईट जागा ठरवते.

केवळ रंगाने काय होते याचा अनुभव लंडनने घेतला आहे. तेथे बो ते ऑल्डगेट हा मार्ग २०११ मध्ये मुख्यतः निळा रंग देऊन सुरू करण्यात आला. त्याच वर्षी बो येथील वर्तुळाकार चौकात दोन सायकलस्वारांचा मृत्यू झाला आणि २०१३ मध्ये ऑल्डगेट येथे आणखी एक बळी गेल्यावर, अशा रंगामुळे सायकलस्वाराच्या मनात सुरक्षिततेचा खोटा भरवसा निर्माण होऊ शकतो, याकडे चौकशीत लक्ष वेधण्यात आले. पुढे त्या मार्गावर मोठ्या लांबीत कर्बने, म्हणजे उंच कडेने, वेगळी केलेली मार्गिका बांधावी लागली. म्हणजे खर्च दोनदा झाला.

डच पद्धतीच्या चौकात रंगापेक्षा भूमितीवर भर असतो. चौकाच्या कोपऱ्यात एक लहानसे उंच बेट ठेवलेले असते. सायकल मार्ग त्याच्या मागून, वाहनांच्या मार्गिकेपासून साधारण एका गाडीच्या लांबीइतका आत सरकून रस्ता ओलांडतो. त्यामुळे वळणारी गाडी सायकल मार्गापर्यंत येते तेव्हा तिचे वळण जवळजवळ पूर्ण झालेले असते, सायकलस्वार आरशाच्या आंधळ्या कोपऱ्यात न राहता काचेतून समोर दिसतो आणि त्याला जाऊ देण्यासाठी गाडीला मागची रहदारी न अडवता थांबता येते. त्या बेटाच्या कडेचे वळण जितके तीव्र, तितका गाडीचा वळण्याचा वेग कमी. यासाठी चौकाच्या कोपऱ्यावर काही चौरस मीटर जागा लागते, आणि ती मिळण्याची संधी कोपऱ्यावरची इमारत पाडून नवी बांधली जाते तेव्हाच असते. म्हणूनच पुनर्विकास आणि सायकल मार्ग हे विषय मी वेगळे धरत नाही.

प्रश्न : सायकलचा विषय निघाला की नेदरलँड्सचे उदाहरण दिले जाते. तो देश सपाट, तेथील हवा थंड आणि सायकल त्यांच्या रक्तातच आहे. त्यांची गोष्ट इतरांना काय उपयोगाची?

उत्तर : सपाटी मान्य. बाकी दोन्हींबद्दल मात्र थोडा इतिहास सांगावा लागेल. दुसऱ्या महायुद्धानंतर डच शहरांतही सायकलींचे प्रमाण झपाट्याने घसरत होते, गाड्यांसाठी कालवे बुजवले जात होते आणि जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याचे आराखडे तयार होते. १९७१ मध्ये त्या लहानशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ असे उघड नाव घेतलेले आंदोलन त्यातून उभे राहिले. १९७३ च्या तेलसंकटात रविवारी गाड्या बंद ठेवाव्या लागल्या आणि मोकळे रस्ते कसे असतात हे लोकांना प्रत्यक्ष पाहायला मिळाले. सप्टेंबर १९७७ मध्ये ग्रोनिंगेन शहराने मध्यवस्तीचे चार भाग केले. गाडीने एका भागातून थेट दुसऱ्या भागात जाता येत नाही, बाहेरच्या वळसा-रस्त्याने जावे लागते. सायकलीने मात्र सरळ जाता येते. व्यापाऱ्यांचा तेव्हा कडवा विरोध होता. रक्तात असलेल्या गोष्टीसाठी एवढे भांडावे लागत नाही.

उट्रेख्तचे उदाहरण तर पुनर्विकासाचेच आहे. तेथे १९७० च्या दशकात जुन्या शहराभोवतीच्या खंदकाचा एक भाग कोरडा करून त्यात मोटाररस्ता काढला होता. स्थानक परिसराच्या फेरआखणीसाठी २००२ मध्ये मतदान घेण्यात आले, नागरिकांनी पाणी परत आणण्याचा पर्याय निवडला आणि २०२० मध्ये खंदकाचे वर्तुळ पुन्हा पूर्ण झाले. त्याच फेरआखणीत स्थानकाखाली सुमारे १२,५०० सायकलींचा वाहनतळ २०१९ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे चुकलेला रस्तासुद्धा मागे घेता येतो. फक्त त्याला चाळीस-पन्नास वर्षे लागू शकतात.

थंड हवेचा मुद्दा सेव्हिलला गेल्यावर उरत नाही. दक्षिण स्पेनमधील या शहरात उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि सायकलीची म्हणावी अशी परंपराही नव्हती. तेथे २००६ नंतर चार-पाच वर्षांत सुमारे १२० किलोमीटरचे, एकमेकांना जोडलेले आणि रहदारीपासून वेगळे केलेले जाळे उभे राहिले. त्यासाठी गाड्या उभ्या करण्याच्या हजारो जागा काढण्यात आल्या. एकूण प्रवासांत सायकलीचे प्रमाण आधी एक टक्काही नव्हते, ते सहा टक्क्यांच्या आसपास पोहोचले. एकेक मार्ग करत, प्रत्येकाचा ‘प्रतिसाद’ पाहत बसले असते, तर पहिल्याच तुकड्यावर काम थांबले असते, असे मला वाटते.

प्रश्न : माझे दुकान रस्त्यालगत आहे. नव्या आराखड्यात दुकानासमोरचे पार्किंग काढून सायकल मार्ग दाखवला आहे. गिऱ्हाईक तुटले, तर नुकसान कोण भरून देणार?

उत्तर : आपली काळजी खोटी म्हणून झटकण्यासारखी नाही, परंतु तिचे दोन भाग करून पाहावेत. गिऱ्हाईक गाडीनेच येते, हा समज अनेक शहरांतील पाहण्यांत तपासला गेला आहे आणि गाडीने येणाऱ्यांचे प्रमाण दुकानदार प्रत्यक्षापेक्षा जास्त धरतात, असे वारंवार आढळले आहे. गाडीने आलेला ग्राहक ‘पार्किंग मिळाले नाही’ म्हणून बोलून दाखवतो, पायी आलेला काहीच बोलत नाही, म्हणूनही असे होत असावे. टोरांटोच्या ब्लूर स्ट्रीटवर २०१६ मध्ये पार्किंगच्या बऱ्याच जागा काढून प्रायोगिक सायकल मार्गिका आखल्या गेल्या. आधी व नंतर केलेल्या पाहणीत ग्राहकांच्या फेऱ्या आणि त्यांचा महिन्याचा खर्च दोन्ही वाढलेले दिसले आणि पुढच्या वर्षी त्या मार्गिका कायम करण्यात आल्या. एका रस्त्याचा निष्कर्ष प्रत्येक रस्त्याला लागू होत नाही. फर्निचर किंवा फरशा विकणाऱ्याचे गणित पुस्तकांच्या दुकानापेक्षा वेगळे असणारच.

दुसरा भाग मालाचा, आणि तेथे आपण ठामपणे अडून बसावे. माल उतरवायला नेमून दिलेली जागा नसेल, तर टेम्पो सायकल मार्गावरच उभा राहणार. त्यात चालकाचा दोष कमी आणि आखणी करणाऱ्याचा जास्त. बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी, ठरावीक वेळांसाठी राखीव अशी मालाची जागा आराखड्यात दाखवून घ्यावी. शक्य असल्यास बदलाआधी आठवडाभर आपल्या गिऱ्हाइकांना ‘कसे आलात?’ एवढे विचारून नोंद ठेवावी. सभेत ती वही कोणत्याही भाषणापेक्षा उपयोगी पडेल.

प्रश्न : मी ज्येष्ठ नागरिक आहे. सायकल मार्गाच्या नावाखाली पदपथाचाच अर्धा भाग रंगवला आहे आणि सायकली अंगाला घासून जातात. आम्ही कोठे चालायचे?

उत्तर : पदपथावर, आणि पूर्ण पदपथावर. आपल्या तक्रारीशी मी संपूर्णपणे सहमत आहे. गाड्यांकडून जागा घेण्याचे धाडस नसले की ती पादचाऱ्यांकडून घेतली जाते आणि मग चालणारे व सायकल चालवणारे आपसांत भांडत राहतात. सायकल मार्ग पदपथापेक्षा काही सेंटिमीटर तरी खाली असावा, म्हणजे अंध व्यक्तीला काठीने आणि इतरांना पायाने हद्द कळते. दोहोंमधील कड मात्र तिरकी असावी, कारण उभ्या कडेला चाक घासले की सायकल पडते. बसथांब्यापाशी सायकल मार्ग थांब्याच्या मागून न्यावा आणि प्रवासी तो जेथे ओलांडतात तेथे झेब्रा पट्टे आखून मार्ग पदपथाच्या पातळीला उचलावा. या रचनेबद्दल अंध व्यक्तींच्या संघटनांचे आक्षेप आहेत, कारण येणाऱ्या सायकलीचा आवाज होत नाही. ते आक्षेप मला रास्त वाटतात. म्हणून असा थांबा बांधण्यापूर्वी त्या भागातील दृष्टिहीन प्रवाशांना प्रत्यक्ष जागेवर बोलावून आखणी तपासावी.

प्रश्न : सुंदर रस्ते, झाडे आणि सायकल मार्ग आले की भाडी वाढतात आणि जुने भाडेकरू बाहेर फेकले जातात. सायकल मार्ग हे त्या विस्थापनाचेच पहिले पाऊल नाही का?

उत्तर : भाडी वाढतात ती मुख्यतः जुनी स्वस्त घरे पाडून महागडी बांधली जातात आणि मूळ रहिवाशांना परतीचा हक्क नसतो म्हणून, सायकल मार्ग नाकारल्याने तो हक्क मिळत नाही. तरीही आपल्या रोषामागचे एक कारण खरे आहे. वर्षानुवर्षे मागूनही न मिळालेला सुरक्षित रस्ता नवे, सधन रहिवासी येताच मिळतो, तेव्हा तो कोणासाठी बांधला हे जुन्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही. पहाटे सायकलवरून कामाला जाणारे मजूर, दूध आणि वर्तमानपत्रे टाकणारी मुले, सुरक्षारक्षक यांची मोजणी सहसा होतच नाही, कारण पाहणी दिवसाढवळ्या होते.

ॲमस्टरडॅमच्या न्यूमार्क्ट भागात १९७५ मध्ये मेट्रोसाठी घरे पाडण्यावरून मोठा संघर्ष झाला. मेट्रो झालीच, परंतु तिच्यावरून जाणारा नियोजित रुंद रस्ता रद्द झाला, जुनी गल्लीरचना कायम ठेवून तेथे पुन्हा घरे बांधली गेली. रहिवाशांची घरे आणि सायकलींना सोयीच्या अरुंद गल्ल्या तेथे एकाच लढ्यातून टिकल्या. त्यामुळे परतीचा हक्क, परवडणाऱ्या घरांचा वाटा आणि सायकल मार्ग या मागण्या एकाच निवेदनात असाव्यात, असे माझे मत आहे. त्या वेगवेगळ्या दिल्या, तर सर्वांत स्वस्त असलेली मागणी मान्य होते, आणि ती बहुधा रंगाची असते.

प्रश्न : रस्त्यावर भांडण नको; सायकलींसाठी उन्नत मार्गच का बांधू नये?

उत्तर : जेथे पाणी, लोहमार्ग किंवा पातळीतील मोठा फरक ओलांडायचा आहे तेथे अवश्य बांधावा. कोपनहेगनमध्ये २०१४ मध्ये झालेला ‘सायकल-साप’ हा वळणदार पूल अशाच ठिकाणी आहे. तेथे पूर्वी सायकल हातात घेऊन पायऱ्या उतराव्या लागत. परंतु खालचा रस्ता गाड्यांना मोकळा करून देण्यासाठी सायकलींना वर पाठवणे मला पटत नाही. घरे, शाळा, दुकाने सर्व खाली असतात. चढण्या-उतरण्याची ठिकाणे मोजकीच असतात. आणि रात्री एकट्या व्यक्तीला मधूनच बाहेर पडता येत नाही.

प्रश्न : आमच्या नव्या इमारतीत सायकलींसाठी तळघराच्या दुसऱ्या मजल्यावर जागा दिली आहे. ती बदलून मागावी का?

उत्तर : जरूर मागावी. गाड्यांच्या उतारावरून सायकल ढकलत दोन मजले चढावी लागली, तर तिचा वापर थोड्याच दिवसांत सुटतो. सायकलींची खोली तळमजल्यावर, जिन्याच्या व लिफ्टच्या जवळ, रस्त्याच्या पातळीला असावी. एका गाडीच्या जागेत आठ ते दहा सायकली सहज मावतात, त्यामुळे जागा नाही हे उत्तर टिकत नाही. केवळ चाक धरणाऱ्या खाचा न देता सायकलची चौकट टेकवून कुलूप लावता येईल असे उलट्या ‘यू’च्या आकाराचे पक्के लोखंडी कठडे मागावेत, पुढे टोपली असलेल्या, लहान मुलांच्या आणि सामान वाहणाऱ्या रुंद सायकलींसाठी काही जागा मोकळ्या ठेवाव्यात. विजेवरच्या सायकलींच्या बॅटऱ्या चार्ज करण्याची सोय त्या खोलीत असेल, तर ती जिन्यातून बाहेर पडण्याच्या वाटेत येणार नाही आणि खोलीला धूर ओळखणारी यंत्रणा व आगीला दाद न देणारे दार असेल, हे ताबा घेण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे.